साळवेबाईंना एजंट पाहिजे

निर्मला साळवे हे नाव घेतलं तर आमच्या शहरात फार लोक ओळखणार नाहीत. पण 'पैठणकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर उभी आहे, प्रवाशांनी दार मोकळं ठेवावं' हे वाक्य एका ठरावीक चालीत म्हणून दाखवलं, तर चाळिशीपुढचा कुठलाही माणूस नकळत आपली पिशवी उचलेल. सव्वीस वर्षं तो आवाज बसस्टँडवर होता. मी गंगापूरचा. कॉलेजात असताना दर शनिवारी त्याच आवाजाच्या भरवशावर घरी जायचो. तो आवाज कुणा बाईचा आहे, ती डबा खाते, तिला सर्दी होते, असं कधी डोक्यातही आलं नाही. नळाला पाणी येतं तसा तो भोंग्यातून यायचा.

बाई प्रत्यक्ष दिसल्या त्या रिटायर होऊन वर्ष झाल्यावर. आणि दिसल्या त्या भांडायला आल्या म्हणून.

क्रांती चौकाजवळ दुसऱ्या मजल्यावर माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. एकीत मी आणि कॉम्प्युटर, दुसरीत माइक. भिंतींना फोम लावलाय, आणि फोम पुरला नाही तिथं जुन्या गाद्या उभ्या केल्यात. तेव्हा माझं मुख्य काम रिक्षावर भोंगा लावून फिरणाऱ्या जाहिरातींचं. साड्यांचा सेल, कोचिंग क्लास, नवीन दवाखाना. त्या दिवशी दुपारी एक साठीच्या आतबाहेरची बाई जिना चढून आली, दारात उभी राहिली आणि दम खाऊन झाल्यावरच बोलली. आमच्या कॉलनीतून साड्यांच्या सेलची रिक्षा फिरते, ती जाहिरात इथं बनली का, असं विचारलं. मी अभिमानानं हो म्हणालो.

बाई म्हणाल्या, तीन दिवसांत अकरा वेळा ऐकली, पण दुकान कुठं आहे ते अजून कळलेलं नाही.

"त्या माणसाला पत्ता सांगायचा हाय का लपवायचा हाय?"

तो माणूस मीच होतो. बाहेरचा आवाज परवडत नव्हता म्हणून जाहिराती मीच बोलायचो, आणि आपला आवाज मोठ्या माणसासारखा वाटावा म्हणून त्यावर भरपूर घुमारा चढवायचो. 'धमाका' हा शब्द तर तीनदा घुमून यायचा. हे मी बाईंना सांगितलं नाही. थोडं चिडून त्या जाहिरातीच्या मजकुराचा कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, तुम्हीच दाखवा वाचून.

मला वाटलं, आता लाजतील आणि जातील. बाईंनी चपला बाहेर काढल्या. हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि रुमालावर ठेवल्या. पंखा बंद करायला लावला. खुर्ची नको म्हणाल्या. कागद दोनदा मनात वाचला, पर्समधून पेन काढून तिन्ही 'धमाका' खोडले, आणि मग मान वर करून मला विचारलं, "दुकान बंद किती वाजता होतं? ते लिवलंच नाय."

मी दुकानदाराला फोन करून विचारलं. साडेआठ. बाईंनी ते कागदावर लिहिलं आणि बोलायला सुरुवात केली.

मी हेडफोन लावून बसलो होतो. पहिलं वाक्य कानात पडलं आणि माझा हात खुर्चीशेजारच्या पिशवीकडे गेला. मग मला कळलं ही बाई कोण आहे ते.

दुकानदाराला ती जाहिरात आवडली नाही. यात जोश नाही, घरातली बाई बोलल्यासारखं वाटतं, अशी त्याची तक्रार. पण सेल संपायला चारच दिवस उरले होते, म्हणून तीच चालवली. दुसऱ्या दिवशी रिक्षावाला सांगत आला की चौकात एका म्हाताऱ्या माणसानं रिक्षा थांबवली, सगळी जाहिरात शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "ते समदं ठीक हाय, पण गंगापूर गाडी किती नंबरला लागती?" दुकानात मात्र गर्दी झाली. बायका बरोबर पत्त्यावर आल्या, आणि साडेआठच्या आत आल्या.

अशी बाईंची दुसरी नोकरी सुरू झाली. नोकरी हा त्यांचाच शब्द. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी साडेदहाला. काम असो वा नसो, बाई यायच्या. काम नसलं तर माझ्या जुन्या जाहिराती ऐकायच्या आणि चुका काढायच्या.

त्यांच्याबरोबर एक थर्मास असायचा, त्यात ओव्याचं कोमट पाणी. एक निळी वही असायची. छापलेला कागद त्यांना चालत नसे. आधी सगळा मजकूर त्या वहीत मोठ्या अक्षरात उतरवून घ्यायच्या, आणि जिथं श्वास घ्यायचा तिथं उभी रेघ मारायच्या. दोन श्वास लागतील तिथं दोन रेघा. एखाद्या वाक्यात रेघ मारायला जागाच सापडली नाही तर पेन खाली ठेवून म्हणायच्या, हे ज्यानं लिहिलंय त्याला बोलवा आणि त्याच्याकडून वाचून घ्या. पेरू त्यांना जिवापाड आवडायचे, पण रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी त्या पेरूकडे बघतसुद्धा नसत. हिवाळ्यात सलग कामं आली की त्यांचा चेहरा उतरायचा. गाड्यावरचे पेरू पाहून एकदा म्हणाल्या होत्या की बसस्टँडवर निदान रजा तरी टाकता यायची.

बोलताना त्या नेहमी उभ्या राहायच्या. मी एकदा कारण विचारलं. त्यांचं म्हणणं असं, की ऐकणारा माणूस सामान हातात घेऊन उभा असतो. तो उभा असताना आपण बसून बोलायचं नसतं. त्याच्याकडे वेळ नसतो, त्याला फक्त तीन गोष्टी पाहिजे असतात. कुठं, किती वाजता, आणि आपल्यासाठी आहे का नाही. बाकी सगळं आपल्या हौसेचं. आवाजाच्या धंद्यावर मी इंटरनेटवर पुष्कळ वाचलंय, शेकडो व्हिडिओ बघितलेत. पण याच्यापुढचं काही मला कुणी सांगितलेलं नाही.

त्यांची शिस्त कुठून आली तेही त्यांनीच एकदा सहज सांगितलं. माहेर पाचोडचं. त्यांच्या वस्तीत त्या वेळी धड वाचता येणारं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे चौथीतली निर्मला. संध्याकाळी विहारात वडीलधारी माणसं गोळा व्हायची आणि हिला मधे उभं करून पुस्तक वाचायला लावायची. ऐकणारे दिवसभर राबून आलेले. वाचताना जरा गडबड झाली की आई मागच्या रांगेतून म्हणायची, "पोरी, मह्यापस्तोर नाय आलं." मग तीच ओळ परत. बाई सांगायच्या, आईपर्यंत पोचलं की सगळ्यांपर्यंत पोचलं, कारण आई एका कानानं बहिरी होती.

एका मोठ्या दवाखान्याला फोनवरचा संदेश करून पाहिजे होता. फोन लावल्यावर लगेच कुणी उचललं नाही तर वाजतो तो. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा.' बाईंनी वहीत लिहून घेतलं, रेघा मारल्या, माइकसमोर गेल्या आणि थांबल्या. दवाखान्याचा मॅनेजर समोरच बसला होता. बाईंनी त्याला विचारलं, माणसाला साधारण किती वेळ थांबावं लागतं? तो म्हणाला, दोनेक मिनिटं, कधी तीन. बाई म्हणाल्या, मग तेच सांगू की. मॅनेजर म्हणाला, असं कुणी सांगत नसतं. त्यावर बाईंनी त्याला शांतपणे समजावलं की सव्वीस वर्षांत त्यांनी 'गाडी लवकरच येत आहे' असं एकदाही म्हटलेलं नाही. गाडी उशिरा असली तर अर्धा तास उशीर आहे असं म्हटलं. लोक वैतागले, पण चहा पिऊन आले. लवकरच म्हटलं की माणूस चहालाही जात नाही आणि गाडीही येत नाही.

मॅनेजरनं दोन्ही रेकॉर्ड करून घेतले. आजही त्या दवाखान्याला फोन लावला की बाई सांगतात, 'दोन-तीन मिनिटं लागतील. फोन ठेवू नका, तुमचा नंबर येणार आहे.'

हळूहळू बाहेरची कामं यायला लागली. मी त्यांच्या आवाजाचे तुकडे जोडून दोन मिनिटांचा नमुना बनवला आणि पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंना पाठवला. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांनी आवाज चांगला आहे, पण उच्चार मराठवाडी आहेत, असं कळवलं. मग एका बियाणांच्या कंपनीला नेमकं तेच पाहिजे होतं. व्हिडिओ कॉलवर मुंबईहून एक दिग्दर्शक आला. तरुण, उत्साही माणूस. त्यानं पाठवलेल्या मजकुरात प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'जी' होतं आणि प्रत्येक दुसरं वाक्य 'म्या'नं सुरू होत होतं. त्याला गावाकडची म्हातारी पाहिजे होती.

बाईंनी विचारलं, "कुठल्या गावची? पैठणकडची बोलू का गंगापूरकडची? का सिनेमातली पाहिजे?"

दिग्दर्शक गोंधळला. म्हणाला, नॉर्मल गावाकडची. बाई म्हणाल्या, नॉर्मल गावाकडची मीच हाय, आणि मजकूर बाजूला ठेवून शेजारणीशी बांधावर उभं राहून बोलावं तशा बोलल्या. सरकीचं अंतर किती ठेवायचं, पाणी कधी सोडायचं, आणि हे बियाणं हलक्या रानात कामून लावायचं नाही. कंपनीनं ते शेवटचं वाक्य काढून टाकलं, पण काम बाईंनाच दिलं. दिग्दर्शकानं जाता जाता एक सल्ला दिला. म्हणाला, मॅडम, तुम्ही एक एजंट बघा, एजंटशिवाय मोठी कामं मिळत नाहीत.

हा सल्ला बाईंनी मनावर घेतला. इथून पुढचे दोन महिने माझ्या स्टुडिओत जे झालं त्याला तो दिग्दर्शक जबाबदार आहे.

बाईंनी विहारात सांगितलं, बसस्टँडवरच्या जुन्या मैत्रिणींना सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, की मला एजंट पाहिजे. कशासाठी हे सांगायचं राहून गेलं. पत्ता माझ्या स्टुडिओचा दिला. पहिल्यांदा एक जण लायसन्स काढून देणारा आला आणि बाईंना दोनचाकी चालवता येते का विचारायला लागला. त्याच्या मागोमाग प्लॉटवाला आला. त्यानं नकाशा पसरून बाईंना कोपऱ्यावरचा प्लॉट दाखवला, आणि बाईंनी तिथून बसथांबा किती लांब आहे ते विचारल्यावर त्यानं नकाशाची घडी घातली. एक बाई स्थळं घेऊन आली. स्थळ कुणासाठी पाहिजे हे तिनं बराच वेळ विचारलं नाही, आणि बाईंनीही, पाहुणी आहे म्हणून, सगळे फोटो नीट बघितले.

चौथा माणूस म्हणजे सय्यदभाई. विम्याचे एजंट. तेही रिटायर झालेले. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि काखेत एक रेक्झिनची बॅग, जिच्यात आता पॉलिसीचे कागद नसायचे, पण सवय म्हणून बरोबर असायची. बाईंचं 'या, बसा' ऐकून ते उभेच राहिले. ही तीच बसस्टँडची बाई हे त्यांना आवाजावरून कळलं होतं. तीस वर्षं ते वैजापूर, कन्नड, पैठण असे एसटीनं हिंडून विमा विकत होते.

"बाई, आपकी आवाजपे मैं आधी जिंदगी गाडी पकडा हूं," असं म्हणून त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

बाईंनी त्यांना सांगितलं की मला विमा नको, आवाजाचा एजंट पाहिजे. सय्यदभाईंनी आवाजाचा एजंट म्हणजे काय ते माझ्याकडून समजून घेतलं. ते म्हणाले, हे काम आपल्याला येत नाही, पण बसायला आवडेल. तेव्हापासून तेही साडेदहाला यायला लागले. आवाज न करता बसायचे. रेकॉर्डिंग चालू असताना त्यांना खोकला आला तर जिना उतरून रस्त्यावर जाऊन खोकून यायचे.

खरा एजंट शेवटी मिळाला, तोही मुंबईचा. मोठी एजन्सी. तिथल्या अनन्या नावाच्या मुलीनं बियाणांची जाहिरात ऐकली होती. तिचा फोन आला तेव्हा बाई वहीत रेघा मारत होत्या. अनन्या गोड बोलायची. तिच्याकडे एक काम होतं. पुण्याची एक संस्था लहान मुलांसाठी गोष्टींचं ध्वनिमुद्रण करणार होती, खेड्यापाड्यांतल्या शाळांमध्ये ऐकवण्यासाठी. चाळीस गोष्टी. त्यांना मराठवाड्यातली आजी पाहिजे होती, आणि ते काम याच एजन्सीतर्फे चाललं होतं.

बाई इतक्या खूश झालेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. साड्या, बियाणं, दवाखाना हे सगळं त्यांनी मनापासून केलं होतं, पण गोष्टी म्हणजे वेगळंच. नमुन्यादाखल आलेल्या तीन गोष्टी त्यांनी वहीत उतरवल्या आणि आठवडाभरात तोंडपाठ करून टाकल्या. त्यातल्या एका कोल्ह्याला त्यांनी आमच्या घरमालकाचा आवाज दिला. सय्यदभाई जिना उतरून हसून आले.

मग करार आला. चौदा पानं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. अनन्यानं कळवलं की खाली सही करून फोटो पाठवा, सगळे असंच करतात. मीही म्हणालो, बाई, करून टाका. मला ते काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. चाळीस गोष्टी माझ्या स्टुडिओत रेकॉर्ड होणार होत्या, आणि माझ्या गाद्यांच्या भिंतींना तो मोठाच मान होता.

बाईंनी तो करार सय्यदभाईंपुढे ठेवला. त्यांनी खिशातून भिंग काढलं. माझ्या टेबलावर बसून त्यांनी तीन तास तो वाचला, मधे एकदा नमाजला गेले, परत येऊन जिथं बोट ठेवलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं. मी विचारलं, एवढं काय वाचताय. ते म्हणाले, "उम्रभर बारीक अक्षर लोगों से छुपाया बेटा. अब पढ़के सुनाने का मौका मिला है."

अकराव्या पानावर ते थांबले. तिथं लिहिलं होतं की बाईंच्या आवाजावरून एजन्सी कुठल्याही यंत्रानं नवीन बोलणं तयार करू शकेल, कशासाठीही वापरू शकेल, कायमचं, आणि संपूर्ण विश्वात कुठंही.

बाईंनी विचारलं, विश्वात म्हणजे? सय्यदभाईंनी बोट वर केलं. बाई म्हणाल्या, चंद्रावर कोण ऐकणार हाय, घेऊ द्या त्यांना.

"बात चांद की नहीं है बाई," सय्यदभाई म्हणाले. "बात 'कायम' की है."

मग मला ते समजावून सांगावं लागलं. म्हणजे यंत्र तुमचा आवाज शिकणार. मग तुम्ही न बोललेलं वाक्यही ते तुमच्या आवाजात बोलू शकणार. तुम्हाला न विचारता. तुम्ही नसलात तरी. बाईंना ते पटेना, म्हणून मी कॉम्प्युटरवर असला एक प्रकार करून दाखवला. त्यांच्याच जुन्या रेकॉर्डिंगवरून पाच मिनिटांत एक वाक्य बनवलं. 'पैठणकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे.' अगदी हुबेहूब. मला वाटलं बाई कौतुक करतील.

बाईंचा चेहरा पडला. मग म्हणाल्या, "पैठण सातला लागती."

मी म्हणालो, बाई, हे नुसतं उदाहरण आहे. त्या म्हणाल्या, ते कळलं. पण ऐकणाऱ्याला काय कळणार? तो चारला जाऊन उभा राहील. गाडी निघून जाईल. आणि तो म्हणेल, साळवेबाईंनी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः अनन्याला फोन लावला. उभं राहून बोलल्या. गोष्टी मी वाचते, जितक्या म्हणाल तितक्या वाचते, पण न बोललेल्या शब्दाची जबाबदारी मी घेणार नाही, तेवढं अकरावं पान काढा. अनन्यानं सांगितलं की हे पान सगळ्यांच्याच करारात असतं, ते काढता येत नाही, आणि मोठमोठे कलाकार सही करतात. ती उद्धट नव्हती. तिलाही बहुधा ते पान कुणी वाचून दाखवलेलं नव्हतं. बाईंनी तिला जेवण झालं का विचारलं आणि फोन ठेवला. सही केली नाही.

एजंट गेला, आणि गोष्टीही गेल्या.

नंतरचे पंधरा दिवस स्टुडिओत वाईट गेले. बाई येत होत्या, पण चुका काढत नव्हत्या. एका कोचिंग क्लासच्या जाहिरातीत मी 'यशाची गुरुकिल्ली' असं लिहिलं होतं, तेही त्यांनी मुकाट्यानं वाचलं, तेव्हा मला काळजी वाटली. एक दिवस माइकची खोली रिकामी होती, तर आत जाऊन त्या ती कोल्ह्याची गोष्ट म्हणत होत्या. माइक बंद होता. मी काचेतून नुसते ओठ पाहिले. हातवारे कोल्ह्याचेच होते. संपल्यावर त्यांनी बांगड्या परत घातल्या आणि घरी गेल्या.

सय्यदभाईंनी काय केलं ते आम्हाला महिन्यानंतर कळलं. त्यांनी पुण्याच्या त्या संस्थेचा पत्ता शोधून काढला आणि हातानं एक पत्र लिहिलं. खाली सही केली, आणि सहीखाली लिहिलं, 'प्रतिनिधी, श्रीमती निर्मला साळवे'. पत्रात त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला होता. अकरावं पान तुम्हाला पाहिजे आहे की एजन्सीला?

संस्थेच्या संचालिकेचा फोन आला. त्यांना असं काही पान आहे हेच माहीत नव्हतं. त्यांनी माफी मागितली आणि हेही प्रामाणिकपणे सांगितलं की आता उशीर झालाय, अठ्ठावीस गोष्टी दुसऱ्या कुणी वाचून झाल्यात. बारा शिल्लक आहेत. बाईंनी विचारलं, कोल्ह्याची हाय का त्यात? कोल्ह्याची गेली होती. बाईंनी एक क्षण डोळे मिटले आणि म्हणाल्या, बारा तर बारा.

त्या बारा गोष्टी माझ्या स्टुडिओत झाल्या. संस्थेनं दोन पानांचा मराठी करार पाठवला. तो सय्यदभाईंनी भिंग लावून वाचला आणि त्यात एक कलम स्वतःच्या हातानं वाढवलं. खुदा न खास्ता कलाकाराचा घसा बसला, तर काम थांबेल आणि कुणी कुणाला बोल लावणार नाही. आयुष्यभर लोकांचे अपघात आणि आजार मोजलेला माणूस तो. पुढे प्रत्येक कामात ते हे कलम घालायला लागले. स्टुडिओवाले त्याला सय्यदभाईंचं घशाचं कलम म्हणायचे. एका कंपनीनं तर ते आपल्या सगळ्याच कलाकारांना लागू केलं.

सय्यदभाईंनी कार्डं छापून घेतली. वर बाईंचं नाव, खाली त्यांचं. 'आवाज प्रतिनिधी'. ते भाव करताना कधी आवाज चढवत नसत. समोरच्यानं काही आडमुठेपणा केला की फोनवर शांत बसून राहायचे. विमा विकताना शिकलो, म्हणायचे, जो आधी बोलतो तो सही करतो. पुढची तीन वर्षं बाईंना काम कमी पडलं नाही. सरकारी सूचना, शेतीचे संदेश, एका संग्रहालयात कानाला लावून ऐकायची माहिती. मुंबईची दोन मोठी कामं झाली, आणि त्यातलं एक अनन्यानंच आणलं. ती एजन्सी सोडून स्वतःचं काम करायला लागली होती. तिचा पहिला करार तिनं सय्यदभाईंना वाचायला पाठवला.

आणि मग बाई दुसऱ्यांदा रिटायर झाल्या.

समोरच्या दोन दातांमध्ये फट पडली होती. तीळभर. मला तर दिसतही नव्हती. एक दिवस रेकॉर्डिंगच्या मधेच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, 'स' शिट्टी मारू राहिलाय. मी तीनदा ऐकलं तेव्हा मला ऐकू आलं, तेही हेडफोनवर. मी म्हणालो, बाई, हे मी कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत साफ करतो, कुणाला कळणार नाही. सय्यदभाई म्हणाले, फट भरून घ्या, माझ्या ओळखीचा दातांचा डॉक्टर आहे. फट भरून झाली. शिट्टी गेली, पण 'च' जाड झाला. बाईंनी निळी वही मिटली. माझ्याकडची त्यांची जुनी रेकॉर्डिंग कुठल्या कुठल्या कामाची आहेत त्याची यादी करायला लावली, ज्यांची मुदत संपली ती माझ्यासमोर पुसायला लावली, आणि भावाकडे पाचोडला राहायला गेल्या. जाताना मला म्हणाल्या की आता तुम्हीच बोलत जा जाहिराती, पण तो घुमारा काढा.

मी घुमारा काढला. आता मी बरा बोलतो, असं लोक म्हणतात. सय्यदभाई माझे एजंट आहेत. माझा घसा अजून बसलेला नाही.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते पाचोडच्या बाजारात. एका लग्नाला चाललो होतो, बाजाराचा दिवस होता, गाडी गर्दीत अडकली म्हणून उतरलो. रस्त्याच्या पलीकडे बाई एका भाजीवालीपुढे उभ्या होत्या. मेथीवरून घासाघीस चालली होती, आणि भाजीवालीही काही कमी नव्हती. तेवढ्यात जनावरांच्या लसीकरणाची जीप भोंगा लावून आली. बाईंच्या अगदी शेवटच्या कामांपैकी ते एक होतं, पाचोडला यायच्या आदल्या महिन्यात केलेलं. 'लाळ्या-खुरकूताची लस. उद्या सकाळी आठ ते बारा. शाळेमागच्या मैदानात. गाभण जनावर आणायचं असलं तर आधी डॉक्टरांना विचारा.'

भाजीवालीनं हात वर केला.

"ओ आजी, जरा गप ऱ्हा. ती बाई काय सांगती ते ऐकू द्या. मही म्हैस गाभण हाय."

बाई गप्प झाल्या. मेथीची जुडी हातात तशीच धरून, मान किंचित तिरकी करून, जीप दिसेनाशी होईपर्यंत त्याही ऐकत राहिल्या. माझी गाडी मागून हॉर्न द्यायला लागली होती. जीप वळल्यावर भाजीवाली त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, हां, तुम्ही काय म्हणत होत्या?

"काय नाय," बाई म्हणाल्या. "म्हशीचं डॉक्टरला इचार आधी. आन् ह्या दोन जुड्या दे."